चेन सॉ का उसळतो? झाड कापतानाचे अपघात आणि त्यामागचं तंत्र

आपण इथे मोबाइल, इन्व्हर्टर, राउटर अशा गोष्टींवर बोलतो. आजचं यंत्र जरा वेगळं आहे. ते हातात धरून मी स्वतःचा गळा जवळपास कापून घेतला होता, म्हणून त्याबद्दल नीट लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० पर्यंत जात होते. आमची नारळ-पोफळीची वाडी त्याच भागात आहे. लॉकडाऊन चालू होता. ई-पास काढून मी गावी पोचलो तेव्हा घरातून विहिरीपर्यंत जायला वाट नव्हती. पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींवर पडलेल्या, दोन नारळ गोठ्यावर आडवे आणि आजोबांनी लावलेला फणस मुळासकट उलथलेला. कुऱ्हाड आणि करवत घेऊन हे आवरायचं तर वर्ष गेलं असतं.

माझ्या आत्तेभावाने चेन सॉ मागवला होता. आमच्याकडे त्याला सगळे ‘कटर’च म्हणतात. ५८ सीसीचं इंजिन, २२ इंची बार. खोक्यात मशीन, बार, चेन, पाना, एक गोल कानस आणि कोणालाही न कळणाऱ्या इंग्रजीत छापलेली पुस्तिका. हेल्मेट नाही, पायाचं कवच नाही. आम्ही यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघितले, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळलं आणि दोरी ओढली.

पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फणसाची मांडीएवढी फांदी कापत होतो. त्या फांदीच्या पलीकडे पानांच्या ढिगात दुसरी एक फांदी होती, ती मला दिसली नाही. बारचं टोक तिला लागलं आणि मशीन उसळलं. ‘उसळलं’ हा शब्द लिहायला वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही लागला नाही. आधी बार समोर होता, नंतर तो माझ्या कानाशी होता. इंजिन चालू होतं, पण चेन थांबलेली होती. डाव्या मनगटाला सणसणीत मार बसला होता आणि शर्टाच्या कॉलरवर चेन ऑइलचा काळा ओघळ होता. रक्त एक थेंबही नाही.

मी काही केलं नव्हतं. करायला वेळच नव्हता. मला वाचवलं ते मशीनमधल्या एका पोलादी पट्टीने. ती पट्टी काय करते हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. संध्याकाळी ओटीवर बसून मोबाइलला जेमतेम मिळणाऱ्या रेंजवर मी वाचायला सुरुवात केली.

चेन किती वेगाने पळते?

हा हिशोब घरी करता येतो. आमच्या मशीनची चेन ०.३२५ इंच पिचची आहे. लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून त्याचं निम्मं केलं की पिच मिळतो. मिलिमीटरमध्ये तो सव्वाआठच्या आसपास येतो. चेन फिरवणाऱ्या स्प्रॉकेटला ७ दात आहेत. प्रत्येक दात चेनला दोन पिच पुढे ढकलतो. म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात चेन साडेअकरा सेंटिमीटर सरकते. लाकूड कापताना इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेतंय असं धरा, म्हणजे सेकंदाला १५०. गुणाकार केला तर सेकंदाला सव्वासतरा मीटर, ताशी ६२ किलोमीटर.

आता या चेनवर साधारण दर ३३ मिलिमीटरला एक कापणारा दात असतो. म्हणजे एका जागेवरून सेकंदाला पाचशेहून जास्त दात जातात. सुरीने बोट कापलं तर एक रेघ उमटते. चेन सॉ रेघ काढत नाही, तो रंध्यासारखा ढलपे उडवतो आणि बारच्या जाडीहून जास्त रुंद जागाच रिकामी करतो. म्हणूनच ही जखम शिवायला फार कठीण जाते.

जाता जाता एक गंमत. आजच्या चेनच्या दाताचा आकार एका किड्याकडून आलाय. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्याने एका ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती लाकडाच्या रेषांच्या आडवी, उभी, कशीही सहज जात होती, कारण तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून चालत होते. कॉक्सने तसेच डावे-उजवे वळणदार दात चेनला दिले. त्याआधीच्या चेनचे दात साध्या करवतीसारखे होते आणि त्यांना धार लावण्यातच निम्मा दिवस जायचा.

उसळी नेमकी कशी येते?

चेन फिरते कशी ते आधी डोळ्यासमोर आणा. बारच्या वरच्या कडेवरून ती तुमच्यापासून लांब जाते, टोकाला वळसा घालते आणि खालच्या कडेवरून तुमच्याकडे परत येते. आता न्यूटनचा शाळेतला तिसरा नियम लावा. चेन लाकडाला जिकडे ओढते, त्याच्या उलट दिशेला लाकूड मशीनला ढकलतं.

खालच्या कडेने कापलं तर चेन लाकूड तुमच्याकडे ओढते, म्हणून मशीन लाकडाकडे खेचलं जातं. बुंध्याला मशीनची दातेरी पुढची बाजू टेकवली की ते स्थिर राहतं. हा सगळ्यात सुरक्षित काप. वरच्या कडेने, म्हणजे खालून वर कापलं तर उलटं होतं. मशीन तुमच्या पोटाकडे ढकललं जातं. गरज असते तेव्हा हेही करावं लागतं, पण त्या ढकलण्याला हात तयार हवेत.

खरी गोची टोकाशी आहे. बारच्या गोल टोकाचा वरचा पाव भाग बघा. तिथे चेन पुढे आणि खाली वळत असते. त्या ठिकाणी दात लाकडात अडकला तर चेनचा सगळा जोर बारला वर आणि मागे फेकण्यात जातो. तुम्ही मशीन दोन हातांनी धरलेलं असतं, म्हणजे हात हाच टेकू. मशीन त्या टेकूभोवती गर्रकन फिरतं आणि बार चेहरा, मान, खांदा यांच्या दिशेने येतो. याला किकबॅक म्हणतात. साधारण एक दशांश सेकंदात तो घडून जातो. माणसाला दिसणं, कळणं आणि हात हलणं यालाच त्याच्या दुप्पट वेळ लागतो. तेव्हा ‘मी सावध असतो, मला काही होत नाही’ असं कोणी म्हणालं तर त्याला हा आकडा सांगा. सावधपणा उसळी आल्यावर उपयोगी पडत नाही, तो आधीच वापरावा लागतो: टोक कुठे आहे, टोकापलीकडे काय आहे, हे कापायच्या आधी बघायचं. मी बघितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो, त्याला रेकर म्हणतात. दात लाकडात किती खोल घुसेल हे तो ठरवतो. दातापेक्षा तो साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असतो. ‘मशीन जोरात कापत नाही’ म्हणून काही लोक कानस घेऊन हे रेकर घासून टाकतात. मशीन खरंच जोरात कापायला लागतं, कारण दात जास्त मोठा घास घेतो. आणि मोठा घास घेतला की अडकतोही जास्त. उसळी स्वतःच्या हाताने वाढवून घ्यायची ही पद्धत आहे.

ती पोलादी पट्टी

पुढच्या हँडलच्या समोर प्लास्टिकची जी उभी ढाल असते, ती नुसती ढाल नाही. ती चेन ब्रेकचा दांडा आहे. आत क्लचच्या ड्रमभोवती पोलादी पट्टी गुंडाळलेली असते आणि एक ताणलेली स्प्रिंग तिला आवळायला टपून बसलेली असते. ढाल पुढे ढकलली गेली की स्प्रिंग सुटते, पट्टी ड्रमला करकचून धरते आणि चेन क्षणात थांबते.

ढाल दोन प्रकारे ढकलली जाते. मशीन उसळून मागे आलं की ती तुमच्या डाव्या मनगटावर आपटते, जशी माझ्या आपटली. दुसरा प्रकार जास्त हुशार आहे. उसळी इतक्या झटक्यात येते की ढाल स्वतःच्या वजनामुळे जागच्या जागी राहू बघते आणि मशीन तिच्या खालून फिरून जातं. परिणाम तोच, ब्रेक लागतो. बस एकदम निघाली की उभा माणूस मागे पडतो, तसंच हे. हाताचा स्पर्शही लागत नाही.

हा ब्रेक चालतो का, हे रोज सकाळी बघायला अर्धा मिनिट लागतो. मशीन जमिनीवर घट्ट धरून सुरू करा, रेस द्या आणि हँडल न सोडता डाव्या मनगटाने ढाल पुढे ढकला. चेन तत्काळ थांबली पाहिजे. मग इंजिन बंद करून दुसरी परीक्षा: बार लाकडाच्या ठोकळ्याच्या वर हातभर उंचीवर धरा, पुढचं हँडल सोडा आणि टोक ठोकळ्यावर आपटू द्या. ‘खट्’ असा आवाज येऊन ब्रेक लागला तर ठीक. नाही लागला तर त्या दिवशी काम नाही. भुसा आणि तेलाचा चिकटा साचून ब्रेक जाम होतो, बहुतेक वेळा साफसफाईनेच सुटतो.

मात्र हा ब्रेक म्हणजे शेवटचा उपाय. त्याच्या भरवशावर टोकाने कापू नका. डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून वळवून मूठ पूर्ण बंद करा. अंगठा वर ठेवला तर उसळीत हात निसटतो आणि मग हात थेट चेनसमोर. डावा हात कोपरात शक्यतो सरळ ठेवा. डोकं बारच्या रेषेत ठेवू नका, किंचित डावीकडे उभे राहा, म्हणजे मशीन आलंच तर खांद्याच्या बाजूने जाईल. खांद्याच्या वर मशीन उचलून कापायचं नाही. शिडीवर चढून तर नाहीच. शिडीवर एक हात शिडीला हवा असतो आणि मशीनला दोन्ही हात हवे असतात, हे गणित जुळत नाही.

ऑनलाइन स्वस्तात मिळतात ती दोन खेळणी

खेळणी मुद्दाम म्हणतो, कारण जाहिरातीत ती तशीच दाखवतात.

एक म्हणजे अँगल ग्राइंडरला लावायचा चेन सॉचा जोड. चारशे-पाचशे रुपयांपासून मिळतो. ग्राइंडरच्या दांड्यावर स्प्रॉकेट बसवायचं, बार अडकवायचा, झाला चेन सॉ. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११-१२ हजार फेरे फिरतो. त्यात चेन ब्रेक नाही. पुढचं हँडल नीट नाही. बऱ्याच ग्राइंडरचा स्विच सरकवून लॉक होतो, म्हणजे मशीन हातातून सुटलं तरी चेन फिरतच राहते. वर ज्या पट्टीबद्दल लिहिलं तीच यात नाही. माझं मत स्पष्ट आहे: हा जोड घेऊ नका, आणि घरात असेल तर मोडीत टाका. ग्राइंडरवर चकतीऐवजी बसवायची गोल चेन डिस्क मिळते, तिचीही तीच गत.

दुसरं म्हणजे बॅटरीवरचा चार-सहा इंची मिनी चेन सॉ. हा तितका वाईट नाही, छोट्या फांद्यांना बरा. पण तो एका हाताने धरता येतो यातच धोका आहे. मोकळा राहिलेला डावा हात आपसूक फांदी धरायला जातो. फांदी तुटते, मशीन त्याच जोरात पुढे जातं आणि पुढे बोटं असतात. शिवाय बॅटरीचं मशीन बंद असताना आवाज करत नाही, त्यामुळे ते तयार आहे हे विसरायला होतं. चेनला हात लावण्याआधी बॅटरी काढून खिशात टाका. खिशात म्हणजे खरंच खिशात.

लाकूडही स्प्रिंग असतं

इथपर्यंत मशीनचं झालं. पण वादळानंतर वाडीत जे बघितलं त्यावरून सांगतो, चेनपेक्षा लाकूड जास्त फसवं. चेनचा जोर निदान दिसतो, ऐकू येतो. पडलेल्या झाडात साठलेला जोर गप्प बसलेला असतो.

आमच्या शेजारच्या वाडीत मोठा आंबा मुळासकट पडला होता. मुळांची थाळी उभी, जवळजवळ पुरुषभर उंच, आणि खाली मोठा खड्डा. ऊन कडक होतं म्हणून गड्याने पाण्याचा कॅन त्या खड्ड्यात सावलीला ठेवला. दुसरा गडी बुंधा कापत होता. काप पूर्ण झाला आणि खोडाचं वजन सुटल्याबरोबर ती अख्खी थाळी मागे वळली आणि झाड पुन्हा उभं राहिल्यासारखं खोडकं सरळ झालं. खड्डा बंद. कॅन आत. पाच मिनिटांपूर्वी तो गडी तिथे उकिडवा बसून पाणी पीत होता. नंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

यात चमत्कार काही नाही. आडव्या खोडाचं वजन त्या थाळीला धरून ठेवत होतं. एका बाजूचं वजन गेलं की मुळं आणि माती आपल्या जागी परत येतात. कधी थाळी मागे जाते, कधी तुमच्याच अंगावर पुढे पडते. म्हणून मुळाशी अगदी चिकटून कापायचं नाही, काही फूट खोड ठेवायचं, खड्ड्यात आणि थाळीच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. पोरं तर अशा खड्ड्यात खेळायला हमखास जातात, त्यांना आधी हाकलायचं.

आता आडवं खोड कापताना काय होतं ते बघा. एक पट्टी दोन्ही टोकांना पुस्तकांवर ठेवा आणि मध्ये बोटाने दाबा. वरची बाजू दबते, खालची ताणली जाते. खोड दोन टेकूंवर पडलेलं असेल तर त्याचंही हेच. वरून सरळ कापत गेलात तर काप वरून मिटतो आणि बार चिमटीत अडकतो. म्हणून आधी दबलेल्या बाजूने, इथे वरून, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत कापायचं आणि मग ताणलेल्या बाजूने, खालून, पूर्ण करायचं. खोडाचं एकच टोक टेकलंय आणि दुसरं अधांतरी आहे, तर सगळं उलटं: ताण वर, दाब खाली. आधी खालून थोडं, मग वरून. कापण्याआधी ओंडक्यासमोर उभं राहून ‘ताण कुठे, दाब कुठे’ हे मोठ्याने बोलायची आम्ही सवय लावली. सुरुवातीला हसू यायचं.

सगळ्यात वाईट म्हणजे मोठ्या झाडाखाली वाकून अडकलेलं कोवळं झाड. धनुष्यच ते. एका फटक्यात कापलं तर तोंडावर बसतं. अशा वेळी वाकाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं तासत जायचं, म्हणजे ताण हळूहळू उतरतो. तुम्ही उभे राहणार ते बाजूला, वाकाच्या रेषेत नाही.

नारळाबद्दल दोन शब्द, कारण परदेशी व्हिडिओत नारळ नसतो. आंबा-फणसाचं लाकूड आतून बाहेर वर्षागणिक वाढलेलं असतं. नारळ-पोफळीचं तसं नाही. त्यांचं खोड म्हणजे धाग्यांचा जुडगा, बाहेरून दगडासारखं, आत भुसभुशीत. चेनची धार लवकर जाते आणि लांब धागे क्लचच्या झाकणात अडकून बसतात. दर थोड्या वेळाने इंजिन बंद करून झाकण साफ करावं लागतं. उभा नारळ पाडताना खाली सांगतोय ती बिजागरीची युक्ती भरवशाने चालत नाही, कारण ते धागे अचानक तुटतात. शेंडा उतरवून, दोर बांधून तुकड्यातुकड्याने खाली आणणाऱ्या माणसालाच ते काम द्यावं. आमच्या गोठ्यावरचे दोन्ही नारळ तशाच एका म्हाताऱ्या गड्याने कोयता आणि दोराने उतरवले, कटरला हात न लावता.

आणि तारा. निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, त्यामुळे पडलेल्या तारा मेलेल्याच असतील असं सगळे धरून चालले होते. पण कोणी घरात जनरेटर लावून जोडणी चुकवली तर तीच वीज उलटी तारेत जाते. महावितरणचा माणूस ‘बंद आहे’ म्हणेपर्यंत तारेत अडकलेल्या झाडाला मशीन लावायचं नाही.

उभं झाड पाडताना

यावर वेगळा लेख होईल, पण मुख्य कल्पना बिजागरीची. दार बिजागरीवर फिरतं म्हणून ते कुठे जाणार हे ठरलेलं असतं. झाडालाही आपण तशी बिजागरी करून देतो. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला बुंध्याच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी खोल खाच घ्यायची. मग मागून काप आणायचा, पण आरपार नाही. मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी न कापता सोडायची. फूटभर व्यास असेल तर तीन सेंटिमीटर. झाड त्या पट्टीवर फिरून खाचेच्या बाजूला पडतं. ती पट्टी कापून टाकली की झाड कुठे जाईल हे झाडच ठरवतं. मागच्या कापात प्लास्टिकची किंवा लाकडाची पाचर ठोकायची, लोखंडाची नाही, चेन लागली तर दात उडतात.

आमच्या किनाऱ्यावरचे सुरू वाऱ्याने एका बाजूला कललेले असतात. असं कललेलं झाड साध्या पद्धतीने मागून कापलं तर काप पूर्ण व्हायच्या आतच खोड उभं चिरतं आणि मागचा तुकडा खालून वर उसळतो. हे काम शिकलेल्या माणसाचंच.

मशीन सुरू करण्याआधी पळायची वाट साफ करा. ती झाडाच्या सरळ मागे नको, मागे तिरकी हवी, कारण बुंधा सरळ मागे उसळू शकतो. बाकीची माणसं झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब. दुसऱ्या झाडात अडकून राहिलेल्या झाडाखाली जायचं नाही. एक कायद्याचंही: महाराष्ट्रात वृक्षतोडीला १९६४ चा आणि शहरी भागात १९७५ चा कायदा लागू आहे, तेव्हा आपल्या जमिनीतलं झाड असलं तरी परवानगी लागते का हे आधी विचारा.

अंगावर काय घालायचं

चेन सॉच्या जखमा सर्वाधिक होतात त्या मांडी-गुडघ्याला आणि डाव्या हाताला. जीन्सने काही होत नाही, चेन ती कागदासारखी फाडते. चॅप्स म्हणजे पॅंटवरून बांधायचं पायाचं कवच, आणि त्यामागची कल्पना मला फार आवडते. ते चेनला अडवत नाही, गुंतवतं. आत लांब, चिवट धाग्यांचे थर सैल भरलेले असतात. चेन वरचं कापड फाडते, आतले धागे ओढून घेते, ते स्प्रॉकेटमध्ये गुंडाळले जातात आणि मशीन जाम होतं. सायकलच्या चेनमध्ये पायजमा अडकतो ना, तेच, फक्त मुद्दाम केलेलं. त्यावर वर्ग लिहिलेला असतो: वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनसाठी, वर्ग २ म्हणजे २४, वर्ग ३ म्हणजे २८. आमच्या मशीनचा हिशोब सव्वासतरा आला होता, तेव्हा कापतानाच्या त्या वेगाला वर्ग १ पुरतो. एकदा चेन लागलेलं कवच पुन्हा वापरायचं नाही, धागे आतून निघालेले असतात.

त्याशिवाय जाळीच्या पडद्याचं हेल्मेट, कानाला मफ (आवाज १०० डेसिबलच्या वर असतो, संध्याकाळी कान गुणगुणले तर समजा नुकसान सुरू झालंय), जाड बूट. स्लिपर घालून कटर चालवणारे मी रोज बघतो. लुंगी, उपरणं, गळ्यातला टॉवेल, सैल बाह्या हे सगळं चेनला खाद्य.

धारेचं थोडक्यात: काप घेताना जाडसर ढलपे पडले तर धार आहे, पिठासारखा भुसा पडला तर गेली. बोथट चेनला माणूस जोर लावतो, जोर लावताना तोल जातो. मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या हँडलमध्ये पाय घालून, ब्रेक लावून सुरू करायचं, हवेत लटकवून दोरी ओढायची नाही. पेट्रोल भरायचं ते इंजिन निवल्यावर, आणि भरल्या जागेपासून तीन मीटर लांब जाऊन सुरू करायचं.

एकट्याने काम करू नका. जखम झालीच तर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. हात-पायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टा आवळून बांधा आणि बांधल्याची वेळ लक्षात ठेवा. गाडी वाडीपर्यंत कुठून येईल, हे मात्र सकाळीच ठरवून ठेवा. कोकणातल्या वाडीचा पत्ता फोनवर सांगणं किती अवघड असतं हे तुम्हाला माहीत आहेच.

तो काळ्या ओघळाचा शर्ट आईने दोनदा धुतला, डाग गेला नाही. आता तो कटरच्या खोक्यात पुसायला ठेवलाय. फणसाचं खोडकं विहिरीजवळ अजून आहे आणि त्यावर बारच्या टोकाचे बारीक खड्डे पडलेत, कारण आत्तेभाऊ रोज सकाळी ब्रेकची परीक्षा त्याच्यावरच घेतो. चेनला कानस कशी मारायची आणि रेकर किती ठेवायचा, ते पुढच्या लेखात फोटोंसह दाखवतो. तुमच्या मशीनच्या चेनचा पिच मोजून वरचा हिशोब करून बघा आणि किती आला ते कळवा.